गोव्याच्या दमट हवेत घरचा एसी कसा सांभाळावा आणि त्याला खर्च किती येतो

फोंड्यातील माझ्या घरी आणि कोलव्याला किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी एकाच आठवड्यात, एकाच बनावटीचे दीड टनाचे एसी बसले होते. पाचव्या वर्षी माझ्याकडच्या आउटडोअर युनिटच्या मागचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे, ज्यांना मेकॅनिक ‘फिन’ म्हणतात, फक्त मळलेले होते. बहिणीकडच्या युनिटच्या फिनना बोट लावले, तर शिळ्या पापडाचा व्हावा तसा त्यांचा भुगा होऊन हातात आला. वापर सारखा, सर्व्हिसिंगही वर्षातून एकदाच, तेही सारखेच. फरक होता तो वाऱ्याचा. एसीची देखभाल कशी करावी याविषयी जे सर्वसाधारण सल्ले वाचायला मिळतात, ते बहुधा कोरड्या आणि धुळीच्या शहरांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. गोव्यात मात्र एसीचे खरे वैरी दोन आहेत, ओलावा आणि मीठ; म्हणून इथल्या देखभालीचा क्रम, वेळापत्रक आणि खर्च यांचा विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो.

एसी खोली थंड करतो, त्याचबरोबर तो हवेतील बाष्पही काढून घेतो. थंड कॉइलवर, म्हणजे युनिटमधल्या नळ्या-फिनच्या जाळ्यावर, बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये ठिबकते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये दीड टनाचा एसी रात्रभर चालला, तर बाहेर ठेवलेली बादली सकाळपर्यंत बऱ्यापैकी भरलेली दिसते. हेच पाणी कॉइलवर बसलेल्या धुळीत मिसळले की तिथे चिकट थर जमतो, त्यात बुरशी वाढते, कुबट वास येऊ लागतो आणि शेवटी ट्रेचे तोंड बुजून पाणी भिंतीवरून ओघळते. चिऱ्याची भिंत हे पाणी शोषून घेते आणि मग रंगाचे पोपडे सुटतात. एसीच्या सर्व्हिसिंगचे वाचवलेले पैसे असे रंगाऱ्याच्या हातात जातात.

जाळी धुणे: दर पंधरवड्याला

इनडोअर युनिटचे पुढचे झाकण उचलले की फिल्टरच्या दोन जाळ्या दिसतात. आधी एसी बंद करून मुख्य स्विच किंवा एमसीबी खाली पाडावा आणि मगच जाळ्या काढाव्यात. नळाच्या साध्या पाण्याची धार जाळीच्या मागच्या बाजूने सोडावी, म्हणजे पुढे अडकलेली धूळ आल्या वाटेने बाहेर पडते. पुढून धार मारली तर ती आणखी आत रुतते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतल्या जाळीवर फोडणीचा तेलकट थर बसतो. तिला भांडी घासायच्या सौम्य साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश लागतो. गरम पाणी वापरू नये, कारण जाळीची चौकट वाकते आणि पुन्हा खाचेत बसत नाही. वाळवायची ती सावलीत आणि पूर्ण. ओली जाळी परत बसवणे म्हणजे बुरशीला आवतण देणे होय. वर्षभर एसी चालणाऱ्या घरात हे दर पंधरा दिवसांनी करावे. रस्त्याकडेच्या घरात, विशेषतः जिथे लाल मातीची धूळ उडते, तिथे आठवड्याने केले तरी अधिक होणार नाही. याला खर्च शून्य आहे आणि माझ्या मते संपूर्ण देखभालीतला सर्वांत फायद्याचा भाग हाच आहे. जाळी बुजली की कॉइलवरून हवा कमी जाते, खोली थंड व्हायला वेळ लागतो आणि कॉम्प्रेसर विनाकारण चालत राहतो. कधी कधी तर कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की युनिटमधून पाण्याच्या धारा लागतात.

पाण्याची वाट

गोव्यात एसीची जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती ‘थंड करत नाही’ ही नसून ‘पाणी गळते’ ही असते. ड्रेन पाइपची तपासणी घरच्या घरी करता येते. एसी अर्धा तास चालवून बाहेरच्या टोकाला पाणी नीट ठिबकते का ते पाहावे. दमट दिवसातही टोक कोरडे असेल, तर पाणी आत कुठेतरी अडले आहे असे समजावे. पाइपचे टोक बादलीत किंवा झाडाच्या कुंडीतल्या मातीत बुडालेले नसावे, कारण मग हवा कोंडते आणि पाणी मागे थांबते. बाहेरच्या पाइपला कुठे झोळ पडला असेल तर तो सरळ करावा. दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. मागच्या पावसाळ्यात आमच्या पाइपच्या टोकाला मेकॅनिकने पाणीही ओढून घेणारा व्हॅक्युम क्लीनर लावला, तेव्हा अंगठ्याएवढा, राखाडी-हिरवा, जेलीसारखा गोळा बाहेर आला आणि त्याच्यामागून दोन तांबे पाणी भसकन पडले. व्हॅक्युम नसेल तर पाइपच्या टोकातून जोरात फुंकण्याचा मोह होतो, परंतु त्याने घाण पुन्हा ट्रेमध्ये जाते. त्यापेक्षा सर्व्हिसिंगच्या वेळी ट्रेमध्ये कोमट पाण्याचे एक-दोन मग हळूहळू ओतून ते किती वेगाने बाहेर येते ते स्वतः उभे राहून पाहावे.

पाइप साफ असूनही गळती थांबली नाही, तर दोष बसवण्यात असतो. इनडोअर युनिट पाइपच्या उलट बाजूला झुकलेले असणे किंवा भिंतीतले छिद्र बाहेरच्या दिशेने उतरते नसणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. पाणसळ लावून ते दोन मिनिटांत कळते. या दोषावर वारंवार सर्व्हिसिंग करून घेण्यात अर्थ नाही. युनिट काढून पुन्हा बसवावेच लागते.

बाहेरचे युनिट आणि खारा वारा

आउटडोअर युनिटमध्ये तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या फिन चढवलेल्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यावर खारट ओलावा बसला, की त्यातला ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ला जातो. मिरामार, दोनापावला, वास्को, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात हे उघड दिसते. फोंडा, डिचोली किंवा सांग्याकडे ते बरेच कमी असते. काही कंपन्या कॉइलवर निळसर किंवा सोनेरी संरक्षक लेप देतात. त्याचा उपयोग होतो, पण त्याने गंजणे लांबते, टळत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोडे पाणी. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी पावसाळा सोडून दर महिन्याला, वीज बंद करून, बागेच्या नळीने मागच्या कॉइलवर वरून खाली हलके पाणी सोडावे. धार बारीक आणि फार जोरदार करू नये, कारण फिन वाकतात. विजेच्या जोडण्यांच्या बाजूच्या झाकणावर पाणी मारू नये. युनिट गॅलरीबाहेर किंवा दुसऱ्या मजल्यावर लटकत असेल, तर मात्र हे साहस करू नये आणि वर्षातून एक सर्व्हिसिंग वाढवावे. बोअरवेलचे पाणी खारट असेल तर तेही वापरू नये. मीठ धुवायला मीठच वापरल्यासारखे होईल. एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काही मेकॅनिक बाहेरची कॉइल चकचकीत करण्यासाठी ॲसिडचे मिश्रण फवारतात. पांढरा फेस येतो, घाण झरझर निघते आणि मालक खूश होतो. पण त्या फेसाबरोबर संरक्षक लेप आणि थोडा धातूही निघून गेलेला असतो. कॉइलसाठी पाणी किंवा सौम्य क्लीनरच वापरण्यास सांगावे.

युनिट ज्यावर उभे आहे त्या स्टँडकडे कोणी पाहत नाही. रंग दिलेले लोखंडी स्टँड किनाऱ्यालगत काही वर्षांतच गंजाने फुगतात. शिवाय चिरा हा मऊ, सच्छिद्र दगड असल्याने त्यात साधे फास्टनर कालांतराने सैल पडतात. तीस-पस्तीस किलोचे युनिट वाटेवर लटकत असेल, तर दरवर्षी पावसापूर्वी बोल्ट तपासून घेणे हे देखभालीपेक्षा जबाबदारीचे काम आहे. नवा स्टँड घेताना स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, आणि चिऱ्याच्या भिंतीत शक्य असल्यास बोल्ट आरपार नेऊन आतून पट्टी लावून घ्यावी.

मेकॅनिक आल्यावर काय पाहावे

सर्व्हिसिंग दोन प्रकारचे असते. ‘ड्राय’ सर्व्हिसिंगमध्ये जाळ्या धुऊन, ब्लोअर मशीनने धूळ उडवून, वरवर पुसून काम संपते. ‘वेट’ किंवा जेट सर्व्हिसिंगमध्ये इनडोअर युनिटखाली प्लास्टिकची झोळी बांधून कॉइल, ट्रे आणि ब्लोअरचे गोल चाक दाबाच्या पाण्याने धुतात. गोव्याच्या हवेत ड्राय सर्व्हिसिंगवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इथली घाण ओली आणि चिकट असते, ती हवेने उडत नाही. ब्लोअरच्या चाकाच्या पात्यांवर टॉर्च मारून पाहावे. पात्यांच्या खोबणीत काळा थर असेल तर वारा कमी येतो आणि वास तर हटतच नाही. हे चाक धुतले की नाही, हे झोळीतून बादलीत पडणाऱ्या पाण्याच्या रंगावरून कळते. पहिले पाणी शाईसारखे आणि शेवटचे स्वच्छ असले पाहिजे.

काम झाल्यावर एसी पंधरा-वीस मिनिटे चालवून साध्या थर्मामीटरने युनिटच्या वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. ८ ते १२ अंश सेल्सियसचा फरक असेल तर यंत्र ठीक चालले आहे. फार दमट दिवशी हा फरक थोडा कमी भरतो, कारण यंत्राची बरीच ताकद पाणी काढण्यातच जाते.

वेळापत्रकाचे सांगायचे तर, पावसाआधी आपण पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तसे एसीचे पहिले सर्व्हिसिंग फेब्रुवारीअखेर उरकावे. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिक आठवडाभर हाती लागत नाहीत आणि लागले तरी घाईत असतात. दुसरे सर्व्हिसिंग चवथ (गणेशचतुर्थी) आणि पाऊस उलटल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला करावे. किनाऱ्यालगतच्या घरांनी यात मेअखेरचे तिसरे धरावे.

गॅस ‘संपत’ नाही

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका मेकॅनिकने युनिट न उघडताच निदान केले, “गॅस कमी आहे बाब, भरावा लागेल.” साडेतीन हजार रुपये दिले, दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तीच स्थिती आली. दुसऱ्या माणसाने ब्लोअरचे चाक काढून धुतले तेव्हा खोली गारठली. पहिला दोष माझाच होता, कारण मी काही विचारलेच नव्हते.

एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. म्हणून गॅस भरायला संमती देण्यापूर्वी पुढील क्रमाचा आग्रह धरावा. आधी जाळी, कॉइल आणि ब्लोअर स्वच्छ करून मगच दाब मोजावा. गळतीची शंका असेल तर नळ्यांत नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. तेलकट डाग दिसणारा जोड बहुधा गुन्हेगार असतो. जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओलावा काढावा. याला किमान वीस-तीस मिनिटे लागतात. इथल्या दमट हवेत ही पायरी गाळली तर आत राहिलेला ओलावा पुढे कॉम्प्रेसरचे नुकसान करतो. शेवटी युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. दीड टनाच्या आर-३२ एसीत तो साधारण ८०० ग्रॅम ते १ किलो असतो, पण पाटीवरचा आकडाच खरा मानावा.

पाटीवर गॅसचे नावही असते. जुन्या एसीत आर-२२ असे. ओझोनच्या थराला घातक असल्याने मॉन्ट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे. नंतर आर-४१०ए आला आणि आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो. काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. आर-३२ मंद ज्वलनशील आणि आर-२९० पुरता ज्वलनशील आहे. त्यामुळे दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, नळ्या रिकाम्या न करता ज्योतीच्या टॉर्चने झाळणाऱ्याला तिथेच थांबवावे. एका गॅसच्या यंत्रात दुसरा गॅस भरू देऊ नये.

वीज, वादळ आणि पाली

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर एसीपेक्षा आधी तो बसवावा. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा त्याच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, तर सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे. मेमधल्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा रिमोटने एसी बंद करणे पुरेसे नाही, एमसीबी पाडावा. वीज गेली की ती परत येताना दाब वरखाली होतो, म्हणून आल्यावर पाच मिनिटे थांबून एसी सुरू करावा. गावाकडे जिथे दाब वारंवार पडतो तिथे स्टॅबिलायझर घ्यावाच, मग विक्रेता काहीही म्हणो.

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर युनिटमधील पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, उबदार असतो आणि पाली, मुंग्या तिथे आसऱ्याला येतात. दोन टोकांना एकदम चिकटलेली पाल स्वतः मरते आणि पीसीबीही घेऊन जाते. युनिटमध्ये वायर शिरते तिथली मोकळी छिद्रे सर्व्हिसिंगच्या वेळी बुजवून घ्यावीत. ते झाकण स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ जीवघेणा दाब टिकून असतो.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे एक ते दीड टनाच्या स्प्लिट एसीचे, इकडच्या सर्वसाधारण दरांचे आहेत. कंपनीच्या अधिकृत केंद्रात ते वरच्या टोकाला जातात आणि पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. जेट सर्व्हिसिंगला ६०० ते १,००० रुपये पडतात. एकाच वेळी दोन-तीन एसी धुऊन घेतले तर दर उतरतो, म्हणून शेजाऱ्यांशी बोलून एक दिवस ठरवणे फायद्याचे. कपॅसिटर बदलायला ५०० ते १,००० रुपये लागतात. गळती काढून, व्हॅक्युम करून पूर्ण गॅस भरायला ३,००० ते ४,५०० रुपये होतात. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी दुरुस्त होत असेल तर २,००० ते ३,५०० रुपये, नवा घेतला तर ५,००० ते १०,००० रुपये पडतो. आउटडोअर कॉइल मजुरी आणि गॅस धरून ८,००० ते १२,००० रुपयांना जाते आणि कॉम्प्रेसर १०,००० ते १८,००० रुपयांना. एसी एका भिंतीवरून काढून दुसरीकडे बसवायला २,००० ते ३,००० रुपये लागतात. जादा तांब्याच्या नळीचे मीटरमागे ८०० ते १,२०० रुपये वेगळे. ती मोजताना टेपपट्टी आपल्याही हातात असावी.

यावरून एका एसीमागे फोंडा-डिचोलीकडच्या घराने वर्षाला २,५०० ते ३,००० रुपये आणि किनाऱ्यालगतच्या घराने ४,००० ते ५,००० रुपये बाजूला ठेवावेत. साधे वार्षिक करारपत्र, ज्यात फक्त सर्व्हिसिंग येते, २,००० ते ३,५०० रुपयांना मिळते. सुटे भाग धरून केलेला करार ४,००० ते ७,००० रुपयांना पडतो. फोंड्याकडे मी तो घेणार नाही. किनाऱ्यावर मात्र पाचव्या वर्षानंतर तो परवडतो, पण कॉइलचे गंजणे आणि गॅस या दोन गोष्टी त्यात आहेत की वगळल्या आहेत, एवढे वाचूनच सही करावी. कॉम्प्रेसरच्या ‘१० वर्षांच्या वॉरंटी’चेही तसेच, ती बहुधा फक्त त्या भागाची असते, मजुरी, गॅस आणि वाहतूक आपल्याच खिशातून जाते.

विजेचे बिल हा देखभालीचा खर्च नाही, पण दोन्ही जोडलेले आहेत. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होणे बंधनकारक झाले. सेटिंग १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. गोव्यात २६ अंशांवर ठेवून पंखा हळू सोडला तरी अंग सुकते, कारण इथे त्रास घामाचा अधिक असतो.

पावसाळ्यात आणि बंद घरात

पावसाळ्यात खोलीचे तापमान २६-२७ अंशांच्या आसपास असले तरी गादी-उशा दमट लागतात. अशा वेळी ‘ड्राय’ मोड वापरावा. खोलीपेक्षा मोठा एसी घेतलेल्यांना याची गरज जास्त पडते, कारण मोठे यंत्र चटकन थंड करून थांबते आणि पाणी काढण्याइतका वेळ चालतच नाही. सकाळी एसी बंद करण्यापूर्वी खिडकी उघडून पंधरा मिनिटे नुसता ‘फॅन’ मोड चालवला की कॉइल सुकते आणि कुबट वासाचे मूळच जाते.

गोव्यात अनेक घरे वर्षातले काही महिने कुलूपबंद असतात. मुलेबाळे मुंबईला किंवा परदेशात, आणि घर उघडते ते मे महिन्यात नाहीतर चवथीला. असे घर बंद करताना शेवटी तासभर फॅन मोड चालवून, जाळ्या धुऊन-वाळवून, एमसीबी पाडून आणि रिमोटमधले सेल काढून जावे. सेल पाझरून खराब झालेले रिमोट दर चवथीला निघतात. आउटडोअर युनिटला प्लास्टिक गुंडाळू नये. ते पावसासाठीच बनवलेले असते. प्लास्टिकखाली ओलावा कोंडतो आणि उंदरांना आयते घर मिळते. फार तर वरून पत्र्याचे छोटे छप्पर द्यावे. चारही बाजू मोकळ्या राहू द्याव्यात.

दुरुस्ती की नवा

एसी आठ वर्षांच्या पुढचा असेल आणि दुरुस्तीचा अंदाज नव्या यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक येत असेल, तर मी नवा घेण्याकडे झुकेन. आर-२२चे यंत्र असेल तर त्याहूनही आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने हा हिशेब थोडा नव्याच्या बाजूने सरकला आहे. मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी फक्त बाहेरची कॉइल गेली असेल आणि कॉम्प्रेसर ठणठणीत असेल, तर कॉइल बदलून यंत्र आणखी काही वर्षे वापरणे शहाणपणाचे; बहिणीने तेच केले आणि आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या परसात नळी बाहेर निघते.

जुना एसी काढताना मेकॅनिकला ‘पंप-डाउन’ करायला सांगावे, म्हणजे नळ्यांतला गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करणे. चालू स्थितीतल्या यंत्राला त्यासाठी पाच-दहा मिनिटे पुरतात. एसी हा ई-कचऱ्याच्या नियमांखाली येतो, त्यामुळे तो एक्सचेंजमध्ये विक्रेत्याला किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाला द्यावा. दारावर आलेला भंगारवाला दोनशे रुपये जास्त देऊ करील, पण तो अंगणातच करवतीने नळ्या कापू लागतो, आणि मग हिस्स असा आवाज करत सगळा गॅस हवेत जातो.